पडद्यावर तोच सिनेमा, कानात मात्र दुसराच

वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, साठी ओलांडलेला एखादा तरी गृहस्थ असा भेटतोच, की ज्याला अख्खा 'शोले' तोंडपाठ आहे. अंजनगाव सुर्जीत भेटेल, दर्यापुरात भेटेल, अकोटात तर हमखास भेटेल. एवढा सिनेमा पाठ व्हायला तो किती वेळा पाहिला असेल, असं आपल्याला वाटतं. चौकशी केली तर कळतं की पाहिला असेल दोन-तीनदा. ऐकला मात्र शेकडो वेळा.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' प्रदर्शित झाला आणि पॉलिडोर कंपनीनं एक नवलच केलं. गाण्यांच्या जोडीला सिनेमातल्या संवादांची तबकडी बाजारात आणली. तोवर तबकडी म्हणजे गाणी, हे समीकरण पक्कं होतं. लोक पैसे मोजून नुसती बोलणी विकत घेतील, यावर कुणाचा विश्वास बसला नसता. पण ती तबकडी धडाक्यात खपली. पुढं कॅसेटी आल्या आणि मग विचारूच नका. लग्नाचा मांडव असो, गणपती असो की शारदादेवीचा उत्सव, बाभळीला बांधलेल्या कर्ण्यातून गब्बर सिंग गावभर गरजत असे. गावच्या हॉटेलात चहा पिणारा माणूस पुढचं वाक्य कर्ण्याच्या आधी बोलून मोकळा होई. ज्या बायाबापड्यांनी कधी टॉकीजची पायरी चढली नव्हती, त्यांनाही ठाकूर, बसंती आणि सांभा ठाऊक झाले ते असे, कानावाटे.

गंमत म्हणजे गब्बरचा हा आवाज आपल्यापर्यंत पोचतो की नाही, अशी शंका एकदा निर्माण झाली होती. अमजद खान तेव्हा नवखे होते. त्यांचा आवाज खलनायकाला शोभेल इतका भारदस्त नाही, तो दुसऱ्या कुणाकडून डब करून घ्यावा, असा विचार खुद्द लेखकद्वय सलीम-जावेद यांच्याकडून पुढं आला होता. तो अमलात आला असता, तर तोच चेहरा, तेच दगड, तोच पट्टा आपटत चालणारा माणूस असता. पण वऱ्हाडातल्या हॉटेलांतून ऐकू आला असता तो दुसराच कुणी.

हा सगळा इतिहास आठवण्याचं कारण असं, की १२ डिसेंबर २०२५ रोजी 'शोले' पुन्हा एकदा चित्रगृहांत आला. नवी झळाळी दिलेलं चित्र, नव्यानं सिद्ध केलेला ध्वनी, १९७५ मध्ये सेन्सॉरमुळे बदलावा लागलेला मूळ शेवट आणि 'फायनल कट' हे नाव. जुना सिनेमा पुन्हा लागला की आपण चित्राबद्दल भरभरून बोलतो. रंग कसे उजळले, धूळ कशी गेली, पडदा केवढा मोठा! आवाजाचं काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही. खरं तर बदल तिथंच जास्त होतात, आणि बरेचदा गुपचूप होतात.

वीस चौकटींचा हिशेब

आवाज सिनेमात बसतो कुठं, हे आधी पाहू. जुन्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रांच्या कडेनं एक अरुंद पट्टी असे. तीच ध्वनिपट्टी. प्रोजेक्टरमधला एक लहानसा दिवा तिच्यावर प्रकाश टाकी. पट्टीवरच्या काळ्यापांढऱ्या नक्षीतून तो प्रकाश कमीअधिक होत पलीकडं जाई, त्याची वीज होई आणि त्या विजेचा पडद्यामागच्या कर्ण्यात पुन्हा आवाज होई. म्हणजे आपण ऐकत होतो ती एका अर्थानं प्रकाशाची थरथर होती.

आता यातली मेख पाहा. चित्र दिसण्यासाठी फिल्मला झरोक्यासमोर क्षणभर थांबावं लागतं, सेकंदाला २४ वेळा. आवाजाला मात्र असं थांबत-थांबत चालून भागत नाही. त्याला अखंड धार हवी. म्हणून चित्र एका ठिकाणी आणि त्याचा आवाज सुमारे वीस चौकटी पुढं, अशी मांडणी असे. वीस चौकटी म्हणजे सेकंदाला थोडंसंच कमी.

मुंबईत नवा सिनेमा लागला, की त्याच्या प्रिंट विभागवार वाटल्या जात. आपला विभाग 'सी. पी. बेरार', आणि त्याच्या वितरकांची मोठी ठाणी म्हणजे अमरावती आणि भुसावळ. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे नाव नकाशावरून गेलं, पण सिनेमाच्या धंद्यात ते पुढं कितीतरी वर्षं चालत राहिलं. पत्र्याच्या डब्यांतली रिळं आधी मोठ्या शहरांत झिजायची, मग तालुक्याला यायची आणि अखेर यात्रेतल्या तंबूच्या टॉकीजमध्ये. वाटेत फिल्म शेकडो वेळा तुटायची. ऑपरेटर तुटलेली टोकं छाटून, डिंकासारखं सिमेंट लावून जोडायचा. छाटलेल्या चौकटींबरोबर एखादा शब्द जायचा, आणि तो जायचा वीस चौकटींच्या फरकानं. पडद्यावर उडी बसायची एका क्षणी आणि बोलण्याला ठेच लागायची दुसऱ्याच क्षणी. वाक्याचं शेपूट कुठं गेलं, हे पिटातल्या प्रेक्षकाला कळायचं नाही; तो शिट्टी मारून मोकळा व्हायचा.

म्हणजे एकच सिनेमा मुंबईच्या माणसानं एक ऐकला आणि तालुक्याच्या माणसानं दुसरा. 'शोले'चंच घ्या. ३५ मिलिमीटरवर चित्रित केलेला हा सिनेमा ७० मिलिमीटरवर मोठा करून, सहा ध्वनिपट्ट्यांसह मोठ्या शहरांत दाखवला गेला. जयनं उडवलेलं नाणं जमिनीवर पडलं, की त्याचा आवाज थिएटरच्या एका बाजूनं येई आणि प्रेक्षक आपल्याच खुर्चीखाली वाकून पाहत, असा किस्सा आजही रंगवून सांगितला जातो. तालुक्याच्या टॉकीजमध्ये तेच नाणं पडद्यामागच्या एकुलत्या एक कर्ण्यात पडलं. इथं कुणी खाली वाकून पाहिलं नाही. पण म्हणून इथला 'शोले' खोटा होता का?

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. जगभरच्या जुन्या विज्ञानपटांच्या चाहत्यांत नेमका याच प्रश्नावरून वर्षानुवर्षं वाद चालू आहे.

अंतराळातली भांडणं

विज्ञानपट हा प्रकारच असा, की त्यातल्या गोष्टी कुणी प्रत्यक्ष ऐकलेल्या नसतात. डायनोसॉर कसा ओरडत होता, हे कुणाला ठाऊक? 'जुरासिक पार्क'मधल्या त्या अजस्र प्राण्याच्या डरकाळीत हत्तीच्या पिल्लाचा आवाज मिसळलेला आहे. जपानच्या 'गोजिरा'ची आरोळी तर संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी एका मोठ्या तंतुवाद्याच्या तारेवर चामडी हातमोजा घासून मिळवली. असा आवाज एकदा मनात बसला, की तोच त्या प्राण्याचा आवाज होतो. तो बदलला की मनाला खटकतं.

जॉर्ज लुकास यांचा 'स्टार वॉर्स' १९७७ मध्ये आला, तेव्हाच त्याची तीन निरनिराळी ध्वनिमिश्रणं होती. एक ७० मिलिमीटरच्या भव्य थिएटरांसाठी, एक ३५ मिलिमीटरच्या स्टिरिओसाठी, आणि एक साधं, एकाच कर्ण्याचं, लहान गावांतल्या थिएटरांसाठी. या तिसऱ्या मिश्रणात काही संवाद वेगळे होते. नायकाच्या काकूचा आवाजसुद्धा वेगळ्याच बाईचा होता! म्हणजे अमेरिकेतल्या छोट्या गावच्या माणसानं मोठ्या शहरापेक्षा निराळी काकू ऐकली. आपल्या तालुक्याच्या प्रेक्षकाला हे ऐकून बरं वाटावं. खेड्यातलं मिश्रण हा उरलासुरला माल नसतो. ते स्वतंत्रपणे, विचार करून केलेलं काम असू शकतं.

पुढं लुकास यांनी आपल्याच सिनेमाला पुन्हा पुन्हा हात लावला. १९९७ मध्ये 'विशेष आवृत्ती' काढून नवी दृश्यं घातली. २००४ मध्ये एका पात्राचा मूळ नटाचा आवाज काढून दुसऱ्या नटाचा बसवला. २०११ मध्ये मालिकेतल्या अखेरच्या नाट्यमय प्रसंगात, जिथं काळ्या मुखवट्यातला बाप काही न बोलता मुलाला वाचवतो, तिथं त्याच्या तोंडी 'नाही' असा आक्रोश टाकला. त्या प्रसंगाची सारी ताकद बापाच्या गप्प राहण्यात होती, असं मानणारे चाहते हळहळले. मोठी तक्रार मात्र निराळीच होती. बदल करायला हरकत नाही, पण जुना सिनेमा नीट रूपात मिळेनासा का करता, असं लोक विचारत होते. याच लुकास यांनी १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष देताना, नफ्यासाठी कलाकृतींची मोडतोड करणाऱ्यांना रानटी म्हटलं होतं, हेही लोक विसरले नव्हते. जून २०२५ मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं १९७७ ची मूळ प्रिंट दाखवली, तेव्हा तिचं केवढं अप्रूप झालं!

आवाज काढून टाकल्यानं सिनेमा सुधारल्याचंही उदाहरण आहे. रिडली स्कॉट यांच्या 'ब्लेड रनर'मध्ये १९८२ साली नायक हॅरिसन फोर्ड याचं निवेदन होतं. सिनेमा लोकांना समजणार नाही, या धास्तीनं ते घातलं गेलं होतं. १९९२ च्या आवृत्तीत ते निवेदन गेलं, आणि पावसात भिजणारं ते उदास शहर स्वतःच बोलू लागलं. आज बहुतेक जाणकार याच रूपाला पसंती देतात. स्टीव्हन स्पिलबर्ग यांची वाट उलटी. २००२ मध्ये 'ई.टी.'ला वीस वर्षं झाली, तेव्हा त्यांनी पोलिसांच्या हातातल्या बंदुका पुसून तिथं बिनतारी संच दिले. आईच्या तोंडचा 'दहशतवादी' हा शब्द काढून 'हिप्पी' केला. अमेरिकेवरच्या हल्ल्याची जखम तेव्हा ताजी होती. पुढं त्यांनीच या बदलांबद्दल उघडपणे खेद व्यक्त केला आणि २०१२ ची आवृत्ती मूळ रूपात आणली.

आणि संवाद बदलल्यानं सिनेमाचा अर्थच कसा पालटतो, ते पाहायचं तर 'गोजिरा'. १९५४ चा इशिरो होंडा यांचा हा सिनेमा म्हणजे अणुबॉम्बचे चटके सोसलेल्या देशाचा आकांत होता. १९५६ मध्ये तो अमेरिकेत नेताना बरीच दृश्यं कापली, एक अमेरिकन वार्ताहर मध्ये घातला, इंग्रजी संवाद चढवले आणि बॉम्बबद्दलचं कडवट बोलणं बोथट केलं. उरली ती शहर तुडवणाऱ्या राक्षसाची करमणूक. मूळ जपानी सिनेमा अमेरिकेच्या थिएटरांत सर्वत्र लागायला २००४ साल उजाडलं. मधली जवळजवळ पन्नास वर्षं एका देशाचं दुःख दुसऱ्या देशाच्या कानी पोचलंच नाही.

आपल्या घरची गोष्ट

हे सगळं साता समुद्रापलीकडचं म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडं ही गोष्ट थेट दादासाहेब फाळक्यांपासून सुरू होते. 'सेतुबंधन' हा त्यांचा मूकपट तयार होत होता, तोवर १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' झळकला आणि मूकपटांचा बाजार उठला. फाळक्यांनी मग आपल्या मूकपटाला मागाहून आवाज चढवला आणि १९३४ मध्ये तो बोलपट म्हणून लोकांपुढं आला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ज्यांना आपण हात जोडतो, त्यांनाही काळाच्या रेट्यापुढं आपल्या पात्रांच्या तोंडी मागाहून शब्द घालावे लागले.

आणि तो 'आलम आरा' तरी कुठं आहे? देशाच्या पहिल्या बोलपटाची एकही प्रिंट आज उपलब्ध नाही. आपला सिनेमा पहिल्यांदा जे बोलला, ते आता कुणालाच ऐकता येणार नाही. पुण्याला १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं, म्हणून 'अयोध्येचा राजा' आणि 'संत तुकाराम' आपल्याला आज ऐकू येतात. विष्णुपंत पागनीसांचा तो भिजलेला आवाज, मागं होणारी बारीक खरखर, कुठं दबलेला मृदंग. हे सगळं १९३६ चं आहे, आणि ते तसंच ऐकण्यात एक वेगळा आनंद आहे. २००३ च्या जानेवारीत पुण्यालाच फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मा भस्मसात झाल्या, तेव्हा हे धन किती नाजूक आहे, ते कळलं.

रंगीत 'मुगल-ए-आझम' आठवत असेल. १९६० चा हा सिनेमा १२ नोव्हेंबर २००४ रोजी संपूर्ण रंगात पुन्हा आला. गावोगावी चर्चा झाली ती अनारकलीच्या पोशाखाच्या रंगाची. पण त्यात गायकांचे मूळ आवाज ठेवून वाद्यमेळ उत्तम सिंग यांच्या देखरेखीखाली नव्यानं वाजवून घेतला होता, आणि काही गाणी गाळून लांबी सुमारे वीस मिनिटांनी कमी केली होती, हे किती जणांच्या लक्षात आलं? नौशाद तेव्हा हयात होते, त्यांचा या कामात सहभाग होता, म्हणून त्याला एक अधिकार होता. तरीही २००४ मध्ये ज्या मुलानं हा सिनेमा पहिल्यांदा ऐकला, त्यानं १९६० चा वाद्यमेळ ऐकलेलाच नाही.

आता 'शोले'कडं पुन्हा येऊ. आणीबाणीच्या त्या दिवसांत सेन्सॉरनं ठाकूरच्या हातून, म्हणजे खरं तर पायातल्या खिळ्यांच्या बुटांनी, गब्बर मारला जाऊ दिला नाही. एक माजी पोलीस अधिकारी कायदा हाती घेतो, हे चालणार नव्हतं. मग शेवट पुन्हा चित्रित झाला. ऐन वेळी पोलीस येतात, कायद्याची आठवण करून देतात आणि ठाकूर थांबतो. इथं नुसतं दृश्य बदललं नाही. कायद्याची बाजू सांगणारं बोलणं आलं. पन्नास वर्षं आपण जे ऐकलं, ते सरकारी शहाणपण होतं. २०२५ मध्ये आला तो दिग्दर्शक रमेश सिप्पींचा मूळ शेवट. फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत हे काम करून घेतलं आणि जून २०२५ मध्ये तिथल्याच महोत्सवात ते प्रथम दाखवलं.

आता सांगा, खरा 'शोले' कोणता? दिग्दर्शकाच्या मनातला की देशाच्या आठवणीतला? माझ्या मते दोन्ही. पहिला त्यांचा आहे, दुसरा आपला. एक आला म्हणून दुसरा पुसला जाऊ नये, एवढंच मागणं.

आणि या सिनेमाच्या आवाजात एक मराठी हात आहे, तोही विसरू नये. परळच्या राजकमल कलामंदिरात बसून मंगेश देसाई ध्वनिमिश्रण करत. सत्यजित राय यांच्यासारखा काटेकोर दिग्दर्शक कलकत्त्याहून त्यांच्याकडं काम घेऊन येई. 'शोले'चं पुनर्ध्वनिमुद्रण त्यांचंच. झोपाळ्याची करकर किती लांबवायची, घोड्यांच्या टापा कुठं वाढवायच्या आणि कुठं साफ गप्प बसायचं, हे ठरवणारा माणूस पडद्यावर कधी दिसत नाही. ध्वनिपट्टी बदलली की पहिला पुसला जातो तो हाच.

धुणं वेगळं, रंगवणं वेगळं

मग जुन्या आवाजाला हातच लावू नये का? तसं नाही. फिल्म जुनी झाली, की ध्वनिपट्टीवर ओरखडे पडतात, धूळ बसते. कडकड आणि सुसू ऐकू येते. ती काढणं म्हणजे आजीचं जुनं लुगडं अलगद धुणं. पण तिथंही हात बेतानं लागतो. खरखर काढण्याच्या भरात 'स' आणि 'श' यांची धारही निघून जाते आणि पात्रं तोंडात पान ठेवून बोलल्यासारखी वाटू लागतात.

खरी अडचण येते ती एकाच कर्ण्याचा आवाज चारी बाजूंनी वाजवायचा म्हटल्यावर. संवाद, संगीत आणि इतर आवाज यांच्या वेगवेगळ्या पट्ट्या जपलेल्या असल्या तर सोपं जातं. आपल्याकडं बहुतेकदा त्या जपलेल्याच नसतात. सगळं एकत्र शिजलेलं असतं. खिचडीतून डाळ वेगळी काढायची कशी? मग पावलांचे आवाज, दारं, वारा, पाऊस नव्यानं मुद्रित करून वर चढवतात. १९६० च्या माणसाच्या पायात २००४ चे बूट येतात. हे धुणं राहत नाही, रंगवणं होतं.

आता संगणकानं आणखी एक पाऊल टाकलं आहे. मिसळलेला आवाज तो वेगळा काढू शकतो, आणि नटाच्या आवाजासारखा नवा आवाज घडवूही शकतो. ही केवळ विज्ञानकथेतली कल्पना उरलेली नाही. १ ऑगस्ट २०२५ रोजी 'रांझणा' या २०१३ च्या सिनेमाची तमिळ आवृत्ती पुन्हा प्रदर्शित झाली, ती कृत्रिम बुद्धिमत्तेनं शेवट बदलून. मूळ सिनेमात मरणारा नायक इथं डोळे उघडतो. दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष, दोघांनीही जाहीर निषेध केला. हक्क कंपनीकडं होते. पण ज्यांनी ती गोष्ट सांगितली, त्यांनाच न विचारता गोष्ट फिरवली गेली.

क्षणभर कल्पना करा. 'पिंजरा'तले डॉ. श्रीराम लागूंचे गुरुजी उद्या कुणीतरी वेगळं वाक्य बोलताना दाखवले, आणि तेही हुबेहूब लागूंच्याच आवाजात, तर? निळू फुल्यांच्या तोंडी त्यांनी कधीही न उच्चारलेला शब्द आला, तर? दहा वर्षांच्या नातवाला फरक कळणार नाही. तो तेच खरं समजून मोठा होईल, आणि आजोबा सांगू लागले, की असं नव्हतं रे बाबा, तर त्यांच्याकडं पुरावा नसेल.

अंजनगावचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत आहे ते एका तहामुळं. ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंदे आणि इंग्रज यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. तो आपल्याला आवडो न आवडो, त्याचं एखादं कलम आज कुणी गुपचूप बदललं, तर आपण त्याला बनावट म्हणू. कागदाला जो न्याय, तो सिनेमाला का नाही? गेल्या शंभर वर्षांतला आपला सामान्य माणूस कसा बोलत होता, कशावर हसत होता, कशाला घाबरत होता, याचा सिनेमासारखा बोलका दस्तऐवज दुसरा कुठला आहे?

तिकिटाच्या खिडकीवर

तेव्हा मागणं साधं आहे. कुणालाही सिनेमा नव्यानं सजवू द्यावा. दिग्दर्शक हयात असेल तर त्याला आपल्या मनासारखा करू द्यावा. पण दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली, काय बदललं ते जाहिरातीत आणि सिनेमाच्या सुरुवातीला स्पष्ट लिहावं. चित्र स्वच्छ केलं, संगीत नव्यानं वाजवलं, अमुक संवाद बदलला, आवाज संगणकानं घडवला, जे असेल ते. औषधाच्या बाटलीवर आत काय आहे ते छापतात, मग इथं लाज कसली? दुसरी गोष्ट, लोकांनी जे मूळ ऐकलं ते नीट जपून ठेवावं आणि मागेल त्याला मिळू द्यावं. त्यात शहरातल्या सहा पट्ट्यांइतकाच तालुक्याचा एक कर्णाही आला. या देशातल्या बहुसंख्य लोकांनी सिनेमा ऐकला तो याच एका कर्ण्यातून.

डबिंगचंही तेच. १९९४ मध्ये 'जुरासिक पार्क' हिंदीत बोलू लागला, तेव्हाच तो आपल्याकडच्या लहान गावांतल्या मुलांना खऱ्या अर्थानं भेटला. अमेरिकेत तो तबकडीवरच्या डिजिटल आवाजाचा पहिला मोठा सिनेमा म्हणून गाजला. फिल्मवर फक्त वेळेच्या खुणा, आणि आवाज वेगळ्या सीडीवर! आपल्याकडच्या पोराला त्या यंत्राशी कर्तव्य नव्हतं. डायनोसॉरपुढं उभी राहिलेली पोरं आपल्याला कळेल अशा भाषेत ओरडतात, हेच त्याच्यासाठी विज्ञान होतं. एका पिढीच्या लेखी ते हिंदी संवाद मूळच आहेत. उद्या ते बदलले, तर त्याचीही नोंद राहायला हवी.

आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. माळ्यावर पडलेली संवादांची तबकडी, टेप अडकलेली कॅसेट भंगारात देऊ नका. जुना सिनेमा पुन्हा लागला, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत न्या आणि परत येताना विचारा, तुमच्या वेळी असंच होतं का? त्यांना पुष्कळ आठवतं. कुठल्या वाक्याला टॉकीजमध्ये हशा पिकायचा, कुठं रीळ हमखास तुटायचं, कुठला शब्द आपल्या गावच्या प्रिंटमध्ये कधी आलाच नाही, हे ते सांगतील. ते एखाद्या वहीत लिहून ठेवा, किंवा हातातल्या मोबाइलवर त्यांच्याच आवाजात टिपून घ्या.

तालुक्यांमधली कितीतरी जुनी टॉकीज बंद झाली. काहींची मंगल कार्यालयं झाली, काहींची गोदामं. पडद्यामागचे ते मोठे लाकडी कर्णे कधीच मोडीत गेले. पण ते ऐकलेली माणसं अजून आपल्या ओसरीवर बसलेली आहेत. त्यांना विचारायला हवं, आणि ते लवकर विचारायला हवं.